दिवेलागणीचा घोट : व्यसन आधी की आघात आधी?

एका जिल्ह्याच्या ठिकाणी शहरी बेघर निवारा चालवणाऱ्या व्यवस्थापिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिशी ओलांडलेली एक महिला चार महिन्यांपासून त्यांच्याकडे येऊन-जाऊन आहे. पूर्वी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात असे. नवऱ्याने टाकल्यावर काही काळ रेल्वे स्थानकावर आणि पुढे एका देवस्थानाच्या परिसरात राहिली. ती देशी दारू पिते, मिळतील तेव्हा ‘बटन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्याही घेते. रात्री ती पाठ टेकत नाही, दाराशी बसून राहते, कोणी मागून आले की किंचाळते, आणि दारू बंद करून आठ-दहा दिवस बरे गेले की निघून जाते. व्यसनमुक्ती केंद्राने ‘आधी मानसिक उपचार करून आणा’ म्हणून परत पाठवले. मानसोपचार विभागात ‘आधी दारू सुटू द्या’ असे सांगितले गेले. तेव्हा आधी काय करायचे, आणि तिच्यावर काय गुदरले हे ती सांगतच नसेल तर उपचार सुरू तरी कसा करायचा, असे त्यांनी विचारले आहे.

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून २२ वर्षे मराठवाड्यातच काम करते आहे, आणि बाईला दोन दारांमध्ये असे फिरवत ठेवण्याचा प्रकार माझ्या पाहण्यात इतक्यांदा आला आहे की प्रथम त्याचेच उत्तर देते. आधी-नंतर असा क्रम लावायचा नाही. दोन्ही उपचार एकाच वेळी आणि शक्य तर एकाच माणसाच्या देखरेखीखाली सुरू करायचे. कायद्यानेही ही फारकत मान्य केलेली नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. त्याच कायद्याच्या कलम १८ नुसार निराधार आणि बेघर व्यक्तींना सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य आस्थापनांत विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला त्यासाठी कार्ड दाखवावे लागत नाही. पुढच्या वेळी तिला घेऊन जाताना या दोन तरतुदी कागदावर लिहून सोबत न्या. भांडायची वेळ सहसा येत नाही. कागद समोर ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

आता मूळ मुद्दा. आपण पाठवलेल्या मजकुरातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे : ‘आठ-दहा दिवस बरे गेले की निघून जाते.’ निवाऱ्यातल्या कर्मचाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘हिला चांगले मानवत नाही’ असा लावला आहे. मला तो अर्थ अजिबात पटत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या या बाईसाठी एक ठरावीक काम करीत असतात. आघातोत्तर ताणविकारात, म्हणजे ज्याला आपण दवाखान्यात पीटीएसडी म्हणतो त्यात, शरीर धोका संपल्यावरही पहाऱ्यावरून उतरत नाही. छाती धडधडत राहते, कान टवकारलेले राहतात, झोप लागली की तेच दृश्य पुन्हा उभे राहते. दारू हा पहारा थोडा वेळ उठवते. पण तिने आलेली झोप उत्तररात्री मोडते, दुसऱ्या दिवशी दचकणे वाढते, आणि तेवढ्याच शांततेसाठी आदल्या दिवसापेक्षा जास्त प्यावी लागते. ती बंद केली की पहिले तीन-चार दिवस अंगाचा त्रास असतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच आजवर दाबून ठेवलेली स्वप्ने उसळून वर येतात. म्हणजे आपल्या वहीत ज्या दिवसांपुढे ‘शांत, जेवली’ अशी नोंद होते, तेच तिच्यासाठी सर्वांत भयंकर दिवस असू शकतात, आणि नेमक्या त्या दिवसांत तिच्याजवळ काहीच नसते, कारण असलेला एकुलता उपाय आपण काढून घेतलेला असतो.

म्हणून मी ‘का पितेस?’ असे कधीच विचारत नाही. या प्रश्नाला बाई एक तर मान खाली घालते, नाही तर आपल्याला बरे वाटेल असे उत्तर देते. ‘केव्हा घ्यावीशी वाटते?’ असे विचारले की मात्र ती अगदी नेमके सांगते. परभणीकडच्या एका बाईने मला सांगितले होते, ‘दिस बुडाया लागला की काळीज धडधड करायलंय. घोटभर घेतलं की मग बसतंय.’ तिच्यावर काय घडले होते हे मला त्यानंतर सात महिन्यांनी कळले. पण उपचाराला लागणारी माहिती त्या दोन वाक्यांत पूर्ण होती. वेळ होती दिवेलागणीची, लक्षण होते धडधडीचे, आणि मात्रा होती एका घोटाची. आपल्याला त्या वेळेसाठी त्या घोटाच्या जागी दुसरे काही तरी उभे करायचे असते. आपल्या निवाऱ्यातील महिलेबाबतही आठवडाभर एवढीच नोंद ठेवा : कोणत्या वेळी ती अस्वस्थ होते, त्याआधी काय आवाज, वास किंवा हालचाल झाली, आणि ती काय करते.

अशाच दुसऱ्या एका बाईसाठी आम्ही जे उभे केले ते सांगते, कारण ते कोणत्याही निवाऱ्यात करता येते. रोज साडेपाचला तिच्या पुढ्यात पसाभर शाळू ज्वारी घातलेले ताट ठेवायचे आणि ती निवडायला सांगायची. निवडताना बोटाला लागणारा खडा, ताटाचा गारवा, दाण्यांचा आवाज, जमिनीला टेकलेल्या टाचा, या सगळ्यांकडे लक्ष न्यायचे. शेजारी बसलेली ताई मध्येच सहज विचारायची, ‘आज वार कोणता? समोरच्या भिंतीचा रंग कोणता?’ आघाताची आठवण माणसाला मागच्या काळात ओढून नेते, आणि हात, डोळे, तळपाय यांना आत्ताच्या जागेवर धरून ठेवले की ती ओढ सैल पडते. पुस्तकी भाषेत याला वर्तमानात स्थिर करण्याचे तंत्र म्हणतात. डोळे मिटून श्वासावर लक्ष द्यायला सांगणारे तंत्र मात्र अशा बायकांना सुरुवातीलाच देऊ नये. रस्त्यावर राहिलेल्या बाईला डोळे मिटणे हीच भीतीची गोष्ट असते.

दारू एकदम बंद करण्याविषयी एक सावधगिरीची सूचना इथेच देते, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक थांबली तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान घाम, थरथर, ताप यांसह भ्रम होऊ शकतो. अशा बाईला किडे दिसतात, माणसे दिसतात, आणि पाहणाऱ्यांना अंगात आले असे वाटते. बटन गोळ्या, म्हणजे नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांसारखी औषधे, रोज घेतली जात असतील तर तीही एकदम तोडू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडून आलेली बाई ‘मी नुसती शिंदी पिते’ म्हणाली तरी मी निर्धास्त राहत नाही, कारण शिंदीत, म्हणजे शिंदीच्या झाडाच्या ताडीत, क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळल्याचे प्रकार शेजारच्या तेलंगणात वारंवार उघडकीस आले आहेत. शिंदी बंद झाल्यावर अशा बाईला झटके येतात ते या भेसळीमुळे. तेव्हा पहिले चार-पाच दिवस रुग्णालयात काढावेत. छत्रपती संभाजीनगर (घाटी), नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, जवळचे गाठा. तिथे ग्लुकोजची सलाईन लावणार असतील तर आधी किंवा सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, देणार का, असे विचारायला संकोच करू नका. ‘दारू सोडवणारी पावडर’ जेवणात कालवून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ धुडकावून लावा. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असते, आणि न सांगता दिलेल्या डायसल्फिरामवर दारू प्यायली गेली तर जीव जाऊ शकतो. जिला एकदा फसवून काही पाजले गेले आहे, तिला पुन्हा फसवून औषध देणे हा उपचार होऊच शकत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईबाबत आणखी एक तपासणी करून घ्यावी. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले गेले असेल तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. ही लक्षणे आघाताच्या किंवा दारू तुटल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात आणि वर्षानुवर्षे ‘टेन्शन’च्या नावावर जमा होत राहतात. पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाकडून, आणि तिची संमती घेऊनच, पाहिले जावे. रक्तक्षय, थायरॉइड, क्षयरोग, गर्भधारणा आणि डोक्याला पूर्वी लागलेला मार यांचीही चौकशी त्याच वेळी व्हावी.

आता निवाऱ्याकडे वळू, कारण तिच्या उपचाराचा मोठा भाग माझ्या खोलीत होत नाही, तो आपल्या दालनात रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत होतो. ती दाराशी का बसते? रस्त्यावर झोपलेल्या बाईसाठी रात्री जागे राहणे हे लक्षण नव्हते, शहाणपण होते. जागा बदलली म्हणून शरीर ते एका रात्रीत विसरत नाही. तिला ‘आत जाऊन झोप’ असे दटावण्यापेक्षा तिची पथारीच दाराजवळ, भिंतीला पाठ लागेल अशी घाला. तिने दार पाहिले पाहिजे, आणि आतून कडी लावता आली पाहिजे. एका निवाऱ्यात रात्रीचा पहारेकरी दोन वाजता हजेरीसाठी झोपलेल्या बायकांच्या तोंडावर विजेरीचा झोत टाकीत असे. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्या झोतासरशी एक बाई रोज अंथरुणात ओली होत असे, आणि सकाळी त्यावरून बोलणी खात असे. पिवळा मंद दिवा रात्रभर चालू ठेवला, मोजणी दारातून आणि बाई कर्मचाऱ्याकडून होऊ लागली, तेव्हा दोन आठवड्यांत तो त्रास बंद झाला. त्यासाठी एकही गोळी लागली नाही.

बाटली शोधण्यासाठी अंगझडती घेणे हीही अशीच गोष्ट आहे. त्याऐवजी प्रत्येकीला कुलपाची पेटी द्या, किल्ली तिच्याजवळ राहू द्या, आणि बाटली आत आणायची नाही हा नियम तिच्याशी बोलून ठरवा. ‘पिऊन आली तर दार बंद’ हा नियम मात्र मी सर्वांत घातक मानते, कारण तिला स्वतःला सांभाळता येत नाही नेमक्या त्याच रात्री तो तिला रस्त्यावर ठेवतो. ती कोणाच्या अंगावर जात नसेल तर तिला आत घ्यावे, कुशीवर झोपवावे, आणि हाक मारून जाग येत नसेल, श्वास संथ पडला असेल किंवा घशात घरघर असेल तर लगेच रुग्णालयात हलवावे. जाब विचारायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर विचारावा, आणि तोही ‘काल केव्हा घ्यावीशी वाटली?’ एवढाच.

काय घडले ते ती सांगत नाही, याची आपल्याला काळजी वाटते; मला ती वाटत नाही. उलट, ती सांगू लागली आणि आपण ते एका बैठकीत सगळे सांगू दिले तर काय होते ते मी भोगून बसले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका संस्थेत मी एका बाईची पूर्ण हकिगत पहिल्याच भेटीत ऐकून घेतली. ती अडीच तास बोलली, रडली, शेवटी माझे हात धरून म्हणाली की आज हलके वाटते आहे. मी समाधानाने घरी गेले. त्याच रात्री ती निघून गेली, आणि तीन आठवड्यांनी सापडली तेव्हा तिचा डावा हात मोडलेला होता. घरी जाऊन ती हकिगत मला बाजूला ठेवता आली; तिला मात्र ती उघड्या जखमेसारखी घेऊन त्याच दालनात रात्र काढायची होती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आता कोणी पहिल्या भेटीत भडाभडा सांगू लागली तर मीच हळूच थांबवते आणि म्हणते, ‘हे मला ऐकायचे आहेच, पण आज रात्री तू कुठे आणि कशी झोपणार आहेस ते आधी बोलू.’ पोलीस, वकील, पत्रकार आणि देणगीदार यांच्यासमोर तीच कथा पुन्हा पुन्हा वदवून घेण्यालाही आळा घाला.

उपचारपद्धतींपैकी निवाऱ्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिसा नजाविट्स यांनी विकसित केलेली ‘सीकिंग सेफ्टी’ ही पद्धत. तिच्यात भूतकाळाची हकिगत उकलली जात नाही. आजचा दिवस सुरक्षित कसा जाईल, मदत कशी मागायची, राग आला तर काय करायचे, घातक माणसांपासून अंतर कसे राखायचे अशा २५ विषयांवर बोलायचे असते. प्रत्येक विषय स्वतंत्र असल्यामुळे बाई एकाच संध्याकाळी आली आणि पुन्हा आली नाही तरी ती बैठक वाया जात नाही, आणि बेघर बायकांच्या बाबतीत हा गुण फार मोलाचा आहे. अमेरिकेत लष्करी सेवेत राहिलेल्या बेघर महिलांसाठी ११ केंद्रांवर ही पद्धत वापरून पाहिली गेली. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिने आघाताची लक्षणे, रोजगार आणि माणसांचा आधार या बाबतींत सुधारणा दिसली. व्यसनाच्या बाबतीत मात्र नेहमीच्या सेवेपेक्षा तिची सरशी झाली नाही. म्हणून या बैठकींच्या भरवशावर व्यसनाचा वैद्यकीय उपचार थांबवू नये.

हकिगतीवर थेट काम कधी करायचे? ‘पूर्ण दारू सुटल्यावर’ हे जुने उत्तर आता टिकत नाही. ऑस्ट्रेलियात १०३ जणांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आघाताच्या आठवणींना सामोरे नेणारा उपचार व्यसनाच्या उपचाराबरोबरच दिला गेला. आघाताची लक्षणे नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक कमी झाली आणि व्यसन वाढले नाही. तरीही मी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय हात घालत नाही : पुढचे दीड-दोन महिने ती कुठे झोपणार हे निश्चित आहे का, बैठकीनंतरची संध्याकाळ तिच्यासोबत काढणारे एक माणूस आहे का, आणि अलीकडे तिने जीव देण्याचा प्रयत्न केला आहे का. नशा शून्यावर आली पाहिजे अशी माझी अट नाही. बैठकीला ती शुद्धीत आली म्हणजे पुरे.

लिहिता न येणाऱ्या बाईसाठी मी दोरीची पद्धत वापरते. ती निर्वासितांसाठी विकसित झालेल्या कथनाधारित उपचारातली आहे. जमिनीवर सुतळी अंथरायची, एक टोक जन्माचे, दुसऱ्या टोकाला उरलेल्या आयुष्याचे वेटोळे. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. एका बाईने शेवंतीची फुले बाजूला सारून आधी सगळे दगड ठेवले, मग बराच वेळ बसून एका मोठ्या दगडाशेजारी एक फूल ठेवले. तो दगड कशाचा हे तिने त्या दिवशी सांगितले नाही. फूल कशाचे ते सांगितले : त्या रात्री शेजारच्या कोपीतल्या (ऊसतोड्यांच्या झोपडीतल्या) म्हातारीने तिला स्वतःचे लुगडे दिले होते. पुढच्या बैठकीत तिने त्या लुगड्यापासून बोलायला सुरुवात केली.

औषधांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ते मानसोपचारतज्ज्ञांचे क्षेत्र आहे. सर्ट्रालिनसारखी औषधे आघातोत्तर ताणविकारात उपयोगी पडतात, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. झोपेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या दारू तुटतानाच्या काही दिवसांपुरत्या आवश्यक असतात. महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर एक व्यसन काढून दुसरे दिल्यासारखे होते. औषध पंधरा दिवसांचे एकदम तिच्या हाती न देता निवाऱ्यातून रोज द्यावे.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना तिथे बायकांसाठी वेगळी झोपण्याची सोय आणि बाई समुपदेशक आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के आढळले, त्यामुळे बहुतेक केंद्रांची घडण पुरुषांसाठीच झाली आहे. गटसभेत वीस पुरुषांसमोर ‘आपली चूक कबूल’ करायला लावणे या बाईला सोसणार नाही. कोणत्याही आस्थापनेत तिचे केस सक्तीने भादरायला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० ने मनाई आहे, हे दाखल करतानाच सांगून ठेवा. सोबत तीन वर्षांखालील मूल असेल तर सामान्यतः त्याला आईपासून वेगळे करता येत नाही. अडचण आली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आपल्या निवाऱ्यातील महिलेच्या बाबतीत पुढच्या वेळी असे करा. ती रुग्णालयातून परत येईल त्या दिवसापासून वहीत दिवस मोजा, आणि सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत दिवेलागणीपासून झोपेपर्यंत एकच ठरलेली ताई तिच्याजवळ राहील अशी पाळी लावा. पहाटे चारला ती उठून बसली तर चहा द्या, प्रश्न विचारू नका. आणि एवढे करूनही ती निघून गेली, तर तिची पेटी तिच्या नावाने कुलूप लावून तशीच ठेवा आणि किल्ली तिच्याकडून परत मागू नका. मागच्या तिन्ही वेळा तिची जागा दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कोणाला दिली गेली असे आपण लिहिले आहे, ते या वेळी निदान पंधरा दिवस तरी टाळा.